हेल्दी टाइल, इको-फ्रेंडली टाइल: गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगायचं?



टाइल्सच्या दुकानात हल्ली एक नवा प्रश्न येतो. पूर्वी गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारायचं, "फुटाला काय भाव?" आणि "डाग पडतात का?" आता तरुण जोडपी येतात, सोबत लहान बाळ असतं, आणि विचारतात, "ही टाइल हेल्दी आहे का? इको-फ्रेंडली आहे का?" काउंटरवरचा पोरगा लगेच म्हणतो, "हो सर, एकदम इको-फ्रेंडली!" आणि बॉक्सवर छापलेलं हिरवं पान दाखवतो.

तुमच्यापैकी ज्यांना टाइल्स, सॅनिटरी किंवा इंटिरिअरच्या धंद्यात उतरायचंय, त्यांच्यासाठी आजचा लेख. त्या पोरासारखं उत्तर द्यायचं नाही, एवढंच मला सांगायचंय. पण मग काय उत्तर द्यायचं, हे सांगायला जरा वेळ लागेल.

आधी माझीच चूक सांगते. बीबीए करून मी वडिलांचं कराडचं दुकान हातात घेतलं, ते पहिलंच वर्ष. एक रिटायर्ड शिक्षक काका आले. पूर्ण घराला एकच टाइल हवी होती, पांढरी, चकचकीत, दोन बाय दोन. गोडाऊनमध्ये नेमका तोच माल अडकून पडलेला. त्यांनी बाथरूमसमोरचा पॅसेज आणि मागची धुण्याची मोरीसुद्धा त्याच मापात धरली आणि मी काही बोलले नाही. मोठी ऑर्डर होती, स्टॉक मोकळा होत होता. दोन-अडीच महिन्यांनी त्यांची आई त्या पॅसेजमध्ये ओल्या पायाने घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

काका दुकानात आले ते भांडायला नाही. समोरच्या खुर्चीत बसले आणि एवढंच विचारलं, "ताई, पाणी पडल्यावर हे घसरतं, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

माहीत होतं. पॅसेज आणि मोरीची टाइल मी माझ्या खर्चाने बदलून दिली. आजी त्यानंतर वॉकर घेऊनच चालल्या. बीबीएला आम्हाला 'कस्टमर नीड' म्हणून एक अख्खं प्रकरण होतं, मार्कही चांगले पडले होते. असो.

तेव्हापासून कुणी "टाइल हेल्दी आहे का?" विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते: "कुठल्या खोलीत? आणि घरात कोण कोण आहे?"

टाइल आरोग्याला चांगली का म्हणतात?

यात तथ्य आहे आणि ते तुम्हाला समजावून सांगता आलं पाहिजे. टाइल म्हणजे माती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ यांचं मिश्रण दाबून भट्टीत भाजलेलं. व्हिट्रिफाइड टाइल साधारण 1200 अंशांच्या आसपास भाजली जाते. एवढ्या उष्णतेत वास येणारं, हवेत उडून जाणारं काही शिल्लकच राहत नाही. नवीन पीव्हीसी फ्लोअरिंग किंवा गोंद लावलेलं कार्पेट घरात आलं की काही दिवस जो केमिकलचा वास येतो, तसा टाइलला येत नाही. कार्पेटमध्ये धूळ आणि धुळीतले बारीक किडे बसतात, टाइलवर त्यांना लपायला जागा नाही. दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या खोलीसाठी हा खरा फायदा आहे. ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

पण इथेच थांबू नका. गिऱ्हाइकाला पुढचंही सांगा.

पहिली गोष्ट पाणी पिण्याची. सगळ्या टाइल सारख्या नसतात. आयएस 15622 हे आपल्याकडचं टाइलचं मानक. त्यात पाणी किती शोषलं जातं यावरून गट पाडलेत. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याच्या आत पाणी पिते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल 10 टक्क्यांच्या वर पिते. म्हणजे एक किलोचा तुकडा चाचणीत घातला तर एक 5 ग्रॅमच्या आत, दुसरा 100 ग्रॅमच्या वर. हे आकडे गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून जातात, म्हणून मी काउंटरवर एक पाण्याची बाटली ठेवते. दोन्ही टाइल उलट्या करायच्या आणि मागच्या बाजूला एकेक थेंब टाकायचा. सिरॅमिकवरचा थेंब बघता बघता गायब होतो. व्हिट्रिफाइडवरचा तसाच उभा राहतो. एवढं दाखवलं की भिंतीची स्वस्त टाइल जमिनीला लावायचा हट्ट निम्मे लोक स्वतःच सोडतात. तुमच्या दुकानात पहिल्या दिवसापासून हे करा, खर्च शून्य.

दुसरी गोष्ट घसरण्याची. बॉक्सवर किंवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आर 9, आर 10, आर 11 असं लिहिलेलं असतं. आर 9 पासून आर 13 पर्यंत हा आकडा जातो आणि जितका मोठा तितकी पकड जास्त. पण गंमत अशी की ही चाचणी बूट घालून, तेल टाकलेल्या उतारावर होते. अनवाणी ओल्या पायांची चाचणी वेगळी असते, तिला ए, बी, सी असे वर्ग आहेत. आपल्याकडे बाथरूममध्ये बूट कोण घालतं? म्हणून बाथरूमसाठी मी कंपनीच्या माणसाला अनवाणी वर्ग विचारते. बऱ्याचदा त्याला माहीत नसतं, मग तो ऑफिसला फोन लावतो. लावू दे. विचारणारा दुकानदार त्यांच्या लक्षात राहतो.

दुकानात मी एक उथळ ट्रे ठेवलाय. त्यात तीन टाइल बसवलेल्या: एक चकचकीत, एक मॅट, एक खरखरीत अँटिस्किड. वर पाणी आणि साबणाचा थेंब. गिऱ्हाइकाला चप्पल काढून पाय ठेवायला सांगते, शेजारी धरायला रेलिंग आहे. आजी-आजोबा सोबत आले असतील तर त्यांनाच विचारते, "मावशी, कुठली बरी वाटते?" मग मुलगा-सून डिझाइनवरून वाद घालत नाहीत.

मात्र अति खरखरीतही देऊ नका. त्या खाचांत मळ बसतो, फडकं अडकतं, सहा महिन्यांत जमीन काळी दिसते आणि घरातली बाई तुमच्या नावाने खडे फोडते. मग ती ऍसिड आणते. बाथरूमचं ऍसिड टाइलच्या मधल्या सिमेंटच्या जॉइंटला खातं, जॉइंट भुसभुशीत होतो, पाणी आत मुरतं आणि तिथेच बुरशी धरते. काही जण त्याच ऍसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळतात, म्हणजे पांढरंशुभ्र होईल म्हणून. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. हेल्दी टाइलची चर्चा करणाऱ्या दुकानदाराने ही एक गोष्ट तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावी. साधं साबणाचं पाणी पुरतं. बाथरूमला आणि ओट्यामागच्या भिंतीला इपॉक्सी ग्राउट सुचवा. महाग असतं, पण पाणी पीत नाही आणि तेलकट डाग धरत नाही.

'अँटिबॅक्टेरियल' टाइलबद्दल विचारलं तर मी म्हणते, कंपनीकडून चाचणीचा कागद मागून घेऊ, आयएसओ 22196 नुसार केलेली आहे का ते पाहू. आणि कागद आला तरी फरशी पुसावीच लागणार.

थंडीत गुडघे धरतात ही तक्रारही खरी आहे. टाइल पायाला थंड लागते. ज्यांच्या घरी सांधेदुखी आहे त्यांना बेडरूमला दरी घालायला किंवा घरात चप्पल वापरायला सांगा. उन्हाळ्यात हीच थंडाई लोकांना आवडते.

एक माणूस मात्र या सगळ्या 'हेल्दी' गप्पांत कुणाला आठवत नाही. टाइल कापणारा मिस्त्री. घरात बसलेली टाइल निरुपद्रवी आहे, पण कोरडी कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आमच्याकडच्या मिस्त्रींना मी पाणी सोडणारा कटर वापरायला लावते आणि चांगला मास्क दुकानातून देते. सुरुवातीला ते हसायचे, "ताई, तोंडाला रुमाल आहे की." रुमालाने ती धूळ अडत नाही.

आणि इको-फ्रेंडली?

इथे मी सरळ बोलते. टाइल ही 'नैसर्गिक' वस्तू नाही. माती नैसर्गिक, पण 1200 अंशांची भट्टी नैसर्गिक कशी म्हणायची?

आपल्या दुकानात येणाऱ्या टाइलपैकी बहुतेक गुजरातमधल्या मोरबीहून येतात. तिथल्या कित्येक कारखान्यांत भट्टीसाठी कोळशापासून गॅस करायचे, त्याचं घाण पाणी आणि धूर यावरून बरीच वर्षं तक्रारी होत्या. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हे कोळशाचे गॅसिफायर बंद करायचा आदेश दिला आणि कारखाने पाइपच्या नैसर्गिक गॅसकडे वळले. हवा सुधारायला मदत झाली, पण गॅस हेही जमिनीतलंच इंधन आहे. शिवाय तो माल मोरबीहून कराडला सुमारे हजार किलोमीटर ट्रकमधून येतो. दोन बाय दोनचा चार टाइलचा बॉक्स 25 किलोच्या वर भरतो. वजनाची वस्तू लांबून आणायची म्हणजे डिझेल आलंच.

मग टिकाऊपणाच्या बाजूने टाइलचं काय आहे? तिचं आयुष्य. भट्टीत एकदा ऊर्जा खर्च झाली ती झाली. ती टाइल 30 वर्षं राहिली तर तो खर्च 30 वर्षांवर वाटला जातो. आठ वर्षांत उखडून राडारोड्यात गेली तर नाही. राडारोडा नंतर कुणाच्या तरी ओढ्यात नाहीतर रस्त्याकडेला पडतो, हे आपण सगळेच बघतो.

हिशोब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा. समजा 12 बाय 15 चा हॉल, 180 चौरस फूट. टाइल 55 रुपये फूट, अॅडेसिव्ह आणि मजुरी मिळून 45, म्हणजे शंभर रुपये फूट. एकूण 18,000. पंचवीस वर्षं टिकली तर वर्षाला 720 रुपये. दुसरीकडे समजा 40 रुपये फुटाचं स्वस्त रोल फ्लोअरिंग, 7,200 रुपये. सहा वर्षांनी बदलावं लागलं तर वर्षाला 1,200. आकडे तुमच्या गावच्या भावाने घाला, पण हिशोब असाच करा. गिऱ्हाइकाला पर्यावरणाचं भाषण नको असतं, वर्षाला किती पडतं ते कळतं.

म्हणजे टाइल इको-फ्रेंडली आहे की नाही हे निम्मं कारखान्यात ठरतं आणि निम्मं ती बसवताना. तंबू झालेली फरशी पाहिलीय का कधी? शांत दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज होतो आणि हॉलच्या मधोमध टाइल छपरासारख्या वर उठतात. कारण बहुतेक वेळा दोनच. एक, व्हिट्रिफाइड टाइल जुन्या पद्धतीने नुसत्या सिमेंटच्या मालावर बसवली. ती पाणीच पीत नाही तर सिमेंट तिला धरणार कसं? तिला अॅडेसिव्ह लागतं. बॅगवर आयएस 15477 आहे का पाहायचं आणि कुठल्या टाइपची बॅग कुठल्या टाइलला ते वाचायचं. दोन, जॉइंट न सोडता टाइलला टाइल भिडवली. गिऱ्हाइकाला फट दिसलेली आवडत नाही, मिस्त्रीला स्पेसर लावायचा कंटाळा. पण ऊन-थंडीने जमीन हलते, तिला दोन-तीन मिलिमीटर जागा लागते. बसवून झाल्यावर लाकडी दांड्याने टाइलवर ठोकत जा. पोकळ आवाज आला तर बिल चुकतं करण्याआधी ती टाइल काढून पुन्हा बसवून घ्या.

आता माझा सगळ्यात आवडता सल्ला. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बॉक्स जास्त घ्यायला लावा. वरच्या हॉलचंच घ्या. 600 बाय 600 च्या बॉक्समध्ये चार टाइल, साडेपंधरा फूट भरतात. 180 फुटाला बारा बॉक्स. काप-तुटीचे आठ टक्के धरले तर तेरा. मी चौदा लिहिते आणि सांगते, "काका, चौदावा माळ्यावर ठेवा. बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर खोडू नका." आठ-दहा वर्षांनी नळाचं काम निघतं, तीन टाइल फुटतात आणि तोवर ते डिझाइन बंद झालेलं असतं. तीन टाइलसाठी लोक अख्खा हॉल उखडतात. हजार रुपयांचा एक बॉक्स माळ्यावर असता तर अठरा हजारांचं काम आणि एक ट्रॉली राडारोडा वाचला असता. गिऱ्हाइकाला आधी वाटतं की ताई एक बॉक्स गळ्यात मारतायत. म्हणून मी बिलावरच लिहून देते, बॉक्स न फोडता तीन महिन्यांत परत आणला तर पैसे परत. आजवर मोजकेच आले.

आणि कधीकधी टाइल न विकणं हेच बरोबर असतं. आपल्या भागातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे, काही घरांत मोझॅक. एक जोडपं आलं, वाड्यातली मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाकायची म्हणून. मी घरी जाऊन पाहिलं. फरशी घट्ट, एकही तडा नाही, फक्त काळवंडलेली. म्हटलं, आधी पॉलिश करून बघा, पटलं नाही तर टाइल आहेच. पॉलिशवाल्याचा नंबर दिला. हॉलची ऑर्डर गेली. वडील जेवताना म्हणाले, "धंदा करायला बसलीयस का समाजसेवा?" दीड महिन्याने त्याच जोडप्याने दोन बाथरूम आणि किचनचा ओटा माझ्याकडून केला, आणि वाड्यातल्या दोन भावकीच्या घरांचं कामही आलं. वडिलांनी त्यावर काही कॉमेंट केली नाही.

जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवणं हाही एक मार्ग आहे, उखडायचा राडारोडा वाचतो. पण आधी जुनी फरशी ठोकून पोकळ आहे का पाहा, दाराच्या खालच्या बाजूला जागा उरते का मोजा, आणि वरच्या मजल्यावर असेल तर वाढणाऱ्या वजनाबद्दल इंजिनिअरला विचारा. तिन्ही जमलं तरच.

तुटलेला माल फेकू नका. पांढरे तुकडे वेगळे ठेवा. स्लॅबवर चायना मोझॅक करायला लागतात. पांढऱ्या रंगाने ऊन परत फेकलं जातं आणि खालची खोली उन्हाळ्यात कमी तापते. एप्रिलमध्ये माझ्याकडे तुकड्यांची पोती विकली जातात.

बोर्डवर काय लिहायचं?

हे शेवटचं, पण नव्या दुकानदारांनी नीट वाचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रीनवॉशिंगबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'सस्टेनेबल' असे शब्द जाहिरातीत पुराव्याशिवाय, मोघम वापरायचे नाहीत. हे फक्त कारखान्यांना नाही, विकणाऱ्यांनाही लागू आहे. म्हणजे तुमच्या दुकानाचा बोर्ड, इन्स्टाग्रामची रील, व्हॉट्सअॅपवरचं पॅम्प्लेट, सगळं आलं. कंपनीचा माणूस म्हणाला "आमची ग्रीन टाइल आहे", तर कशाच्या जोरावर ते विचारा. सीआयआयचं ग्रीनप्रो प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत घ्या, कुठल्या मालाला आहे आणि मुदत कधी संपते ते बघा. कागद मिळाला तर बोर्डवर तेवढंच लिहा. नाही मिळाला तर हिरवं पान लावू नका.

माझ्या बोर्डवर 'इको' हा शब्दच नाही. 'ओल्या जागेसाठी वेगळी टाइल, पाय ठेवून बघा' एवढं लिहिलंय. बिलाच्या मागच्या बाजूला चार ओळी छापल्यात: कुठली टाइल कुठल्या खोलीला दिली, कुठलं अॅडेसिव्ह, बॅच नंबर, आणि ऍसिड वापरू नका. गिऱ्हाइकाने मोरीला चकचकीत टाइलचा हट्ट धरलाच तर त्या ओळीपुढे मी 'घसरते, सांगितलं आहे' असं हाताने लिहिते आणि त्यांची सही घेते. सही करताना दहापैकी सात जण पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "ताई, ती मॅटवाली दाखवा परत."